शहरांची स्वच्छ ऊर्जा : भांडवल कोणाचे, लाभ कोणाला?

कावेरीकाठचे, कुंभकोणमनजीकचे तिरुविसनल्लूर हे गाव मराठी वाचकांना परके नाही. तंजावरचे मराठा राजे पहिले शहाजी यांनी १६९३ मध्ये ते विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला ‘शाहजिराजपुरम्’ हे नाव मिळाले. अग्रहार म्हणजे गावच्या जमिनीचे उत्पन्न एका ठरावीक हेतूसाठी राखून ठेवणे. खात्रीचे उत्पन्न एका कामासाठी बांधून ठेवण्याचे हेच तत्त्व आज शहरांच्या स्वच्छ ऊर्जा प्रकल्पांच्या वित्तपुरवठ्याच्या मुळाशी आहे.

व्याजदराचे महत्त्व

औष्णिक वीज केंद्राला रोज कोळसा लागतो. सौर प्रकल्पाला इंधनाचा खर्च नसतो. जवळजवळ सर्व खर्च आरंभीच करावा लागतो. त्यामुळे सौर विजेची किंमत मुख्यतः भांडवलाच्या व्याजावर ठरते. समजा, एखाद्या नगरपालिकेने १० कोटी रुपयांचे कर्ज १० वर्षांच्या समान वार्षिक हप्त्यांवर घेतले आणि प्रकल्पामुळे तिच्या वीजबिलात दरवर्षी १ कोटी ८० लाख रुपयांची बचत झाली. व्याजदर ८ टक्के असल्यास हप्ता सुमारे १ कोटी ४९ लाख होतो व ३१ लाख रुपये शिल्लक राहतात. दर १२ टक्के असल्यास हप्ता १ कोटी ७७ लाखांवर जातो आणि शिल्लक जेमतेम ३ लाख उरते. प्रकल्प तोच, ऊन तेच. फरक केवळ पतीचा.

निधीचे तीन मार्ग

पहिला मार्ग नगरपालिका रोख्यांचा. अहमदाबाद महानगरपालिकेने १९९८ मध्ये राज्याच्या हमीविना १०० कोटींचे रोखे काढले. २०१५ मध्ये ‘सेबी’ने या रोख्यांसाठी स्वतंत्र नियम केले. होळकरांच्या इंदूरने फेब्रुवारी २०२३ मध्ये ८.२५ टक्के व्याजाने २४४ कोटींचे हरित रोखे विकले. नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून शहरात आणण्यासाठी लागणाऱ्या विजेचा खर्च मोठा आहे. त्यासाठी खरगोन जिल्ह्यातील जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारणे हा या रोख्यांचा उद्देश होता. सामान्य गुंतवणूकदारांनाही ते खरेदी करता आले. असे रोखे काढताना मालमत्ता कर वा अन्य उत्पन्न वेगळ्या ‘एस्क्रो’ खात्यात जमा होते आणि त्यातून प्रथम कर्जफेड होते.

दुसरा मार्ग बचतीतून परतफेडीचा. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमात ‘ईईएसएल’ या सार्वजनिक कंपनीने आपल्या भांडवलातून एलईडी दिवे बसविले आणि नगरपालिकांनी वीजबिलातील बचतीतून त्याची किंमत हप्त्याने फेडायची, अशी रचना होती.

तिसरा मार्ग लहान शहरांसाठी, म्हणजे सामूहिक रोख्यांचा. एकट्या लहान नगरपालिकेला पतमानांकन मिळविणे अवघड आणि खर्चिक असते. तामिळनाडूने २००२ मध्ये १३ लहान स्थानिक संस्थांच्या पाणीपुरवठा व स्वच्छता कामांसाठी एकत्रित ३०.४१ कोटींचे रोखे काढले. मुदत १५ वर्षे व व्याज ९.२ टक्के होते; मुद्दलाच्या अर्ध्या भागाला अमेरिकी विकास संस्थेची हमी होती. ही रचना सौर पंप आणि पथदिव्यांनाही लागू पडू शकते. २०२१ मध्ये महानगरपालिका झालेल्या कुंभकोणमसारख्या शहराला हाच मार्ग अधिक व्यवहार्य आहे.

न्यायाचा प्रश्न

स्वस्त भांडवल मिळाले म्हणजे न्याय झाला असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅट व त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. परंतु त्यासाठी स्वतःचे छप्पर हवे. भाडेकरू आणि झोपडपट्टीतील कुटुंबे येथे मागे राहतात. याउलट पाण्याचा पंप सौर विजेवर चालला, तर बचतीचा लाभ नळाला येणाऱ्या प्रत्येकाला मिळू शकतो; अट एवढीच की पाणीपट्टी ठरविताना ती बचत हिशेबात धरली पाहिजे. छप्पर नसलेल्यांसाठी दिल्लीने २०१९ मध्ये आभासी नेट मीटरिंगचे नियम केले. त्यानुसार एका सामाईक संचाची वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वजा होते.

तिरुविसनल्लूरसारख्या गावाला तर रोखे काढण्याची पतच नाही. शहराच्या वेशीवरील अशा वस्त्यांना कर्जबाजारी करणे हा उपाय नव्हे. जेथे प्रकल्पाचे उत्पन्न किंवा बचत निश्चित आहे तेथे कर्ज आणि जेथे लाभार्थीची ऐपत नाही तेथे अनुदान, ही विभागणी सार्वजनिक वित्ताने काटेकोरपणे पाळावी. सक्षम शहरांनी अनुदान मागितले, तर दुर्बल वस्त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्याकडे वळतात.

७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला. आर्थिक बळ मात्र त्यांना वेळेवर करवसुली, लेखापरीक्षित हिशेब आणि नागरिकांचा विश्वास यांतूनच मिळवावे लागेल.

सरावासाठी प्रश्न : ‘नगरपालिका रोखे मोठ्या शहरांना उपयुक्त, लहान शहरांना अपुरे’ या विधानाची सामूहिक रोख्यांच्या संदर्भात चर्चा करा.