शेतमाल वाहणाऱ्या पिकअप गाडीस मोठे टायर

बैलगाडीचे लाकडी चाक पुरुषाच्या छातीएवढे उंच का असे, हे जुन्या गाडीवानास सांगावे लागत नसे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावरून सहज चढते. हाच अनुभव मनात धरून आज अनेक शेतकरी आपल्या पिकअप गाडीस मूळच्यापेक्षा मोठे टायर बसविण्याचा विचार करतात. पावसाळ्यात पाणंद रस्त्याने माल बाहेर काढताना गाडीचे पोट चिखलास टेकते, ही अडचण खरीच आहे. तथापि बैलगाडीस इंजिन नव्हते, वेगदर्शक नव्हता आणि घाटात तापणारे ब्रेकही नव्हते. पिकअपच्या बाबतीत हिशेब निराळा होतो.

प्रथम मापाचा अर्थ समजून घ्यावा. टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. त्यात २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे रुंदीच्या शेकडा ७५ इतकी बाजूची उंची, आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत असतो. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी; त्यात बाजूची उंची दोनदा मिळविली म्हणजे टायरचा एकूण व्यास ७०३.५ मिमी येतो. त्याच रिमवरील २३५/७५ आर १५ ह्या टायरचा व्यास ७३३.५ मिमी भरतो. वाढ ३० मिमीची; परंतु आस जमिनीपासून त्याच्या निम्म्याने, म्हणजे केवळ १५ मिमीनेच वर जातो. त्याहून मोठा २६५/७० आर १६ घेतल्यास व्यास ७७७.४ मिमी होतो आणि गाडी सुमारे ३७ मिमी उचलली जाते. दीड इंचापेक्षाही कमी असलेल्या ह्या लाभासाठी काय मोजावे लागते, ते पाहावे.

व्यास शेकडा १०.५ ने वाढला की वेगदर्शक ६० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ताशी ६६ किलोमीटरने धावते. चाकाच्या कडेशी मिळणारी ओढ सुमारे शेकडा ९.५ ने घटते. भरलेली गाडी चढावर उचलताना क्लच अर्धा दाबून धरावा लागतो व त्याची प्लेट लवकर जळते. ह्याहून गंभीर बाब उताराची आहे. पायाने ब्रेक तितकाच दाबला तरी चाकाच्या कडेशी मिळणारा रोध त्याच प्रमाणात कमी होतो. इंजिनाचा रोधही कमी पडतो. जुन्नर भागातून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाने कल्याणकडे उतरणाऱ्या गाडीस ही तूट परवडणारी नाही. रिकाम्या गाडीने गावात फेरी मारून सर्व ठीक आहे असे ठरविणे म्हणूनच फसवे ठरते.

मोठा टायर अधिक भार सोसतो, असाही एक समज आढळतो. भारक्षमता आकारावरून ठरत नाही. मापापुढे छापलेला भारांक पाहावा. भारांक १०० असल्यास एका टायरची क्षमता ८०० किलो, १०५ असल्यास ९२५ किलो व ११० असल्यास १,०६० किलो असते. भरलेल्या गाडीच्या मागील आसावर २,००० किलो येत असतील तर प्रत्येक टायरवर १,००० किलो पडतात. तेथे १०५ भारांकाचा टायर दिसावयास कितीही रुंद असला तरी अपुरा होय. प्रवासी जीपगाड्यांचे रुंद टायर पिकअपला लावण्यात हाच धोका असतो. रिमचीही रुंदी पाहावी. २३५ मिमीचा टायर ६ इंचांहून अरुंद रिमवर बसवू नये.

काळ्या जमिनीत आणखी एक गोष्ट प्रत्ययास येते. तेथील चिकण चिखल टायरला गुंडाळत वर चढतो. टायर मोठा झाला की मडगार्डमधील मोकळी जागा कमी होते, तीत चिखल ठासून भरतो व चाक जखडल्यासारखे होते. टायर बसविल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून आणि गाडीत नेहमीचा भार घालून टायर आतील पाट्यांस अथवा पत्र्यास घासत नाही ना, हे पाहणे अवश्य आहे. अशा जमिनीत पकड मिळते ती मुख्यत्वे टायरच्या खोल नक्षीमुळे. मूळ मापाचाच, परंतु रुंद खाचांचा टायर घेतल्याने निम्मी अडचण दूर होते. झिजून गोटा झालेला टायर कितीही मोठा असला तरी चिखलात निरुपयोगीच. नक्षी १.६ मिमीवर येताच खाचांतील खुणेचे उंचवटे पृष्ठभागाशी समतल होतात. त्यानंतर तो टायर वापरू नये.

मोठे टायर मावावेत म्हणून गाडीचा पुढील भाग लोखंडी चकत्या घालून उचलण्याची पद्धत अमेरिकेत रूढ आहे व तिचे अनुकरण इकडेही होऊ लागले आहे. रिकामी पिकअप पुढे किंचित झुकलेली दिसते, ती समतल करावी असा हेतू. पण हा झुकाव दोष नव्हे. माल भरल्यावर मागील पाटे दबतात आणि गाडी समतल व्हावी, अशीच ती योजना असते. पुढचा भाग आधीच उचलला तर भरलेली गाडी उलाळ होते. पुढील चाकांवरील भार घटून स्टिअरिंग हलके पडते. दिव्यांचा झोतही वर जातो : दोन आसांत ३ मीटर अंतर असलेल्या गाडीचा पुढील भाग ५० मिमी उचलल्यास झोत ६० मीटरांवर एक मीटर वर चढतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. अलाइनमेंट बिघडून टायरची एक कड झिजते ते वेगळेच.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ह्या तरतुदीचा अर्थ कडकपणेच लावला. अपघात घडल्यास विमा कंपनी न कळविलेल्या बदलाकडे बोट दाखवू शकते आणि गाडी, माल व कर्जाचा हप्ता हे तिन्ही शेतकऱ्याच्याच माथी येतात. ह्यास्तव गाडीच्या पुस्तिकेत उत्पादकाने जी पर्यायी मापे दिली असतील, तेवढ्यातूनच निवड करावी व शंका असल्यास परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी.

टायर बदलावयाचे ठरलेच तर चारही एकाच मापाचे घ्यावेत, स्टेपनीसुद्धा. मागील दोन चाकांचे व्यास निराळे असल्यास डिफरेन्शियलला सरळ रस्त्यावरही सतत काम पडते व त्याचे दाते झिजतात. हवा गार टायरमध्ये, भाराप्रमाणे, पुस्तिकेतील कोष्टक पाहून भरावी. चाकांचे नट समोरासमोरचे जोडीने आवळावेत आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर, शक्यतो माल भरण्यापूर्वी, पुन्हा एकदा तपासावेत.