एक क्रमांक, एकच धनी
(द्वितीय वर्ष कला)

आमच्या वाडीच्या दूध संकलन केंद्रावर आईचा सभासद क्रमांक ४७. गावातल्या केंद्रावरही ४७ क्रमांकाचे एक सभासद होते. वह्या वेगळ्या होत्या तोवर कुणाचे काही बिघडले नाही. पुढे दोन्ही केंद्रांचा हिशेब एका संगणकावर आला आणि दहा दिवसांच्या दुधाचा आमचा पगार त्यांच्या नावे जमा झाला. पैसे परत मिळाले. पण तोवर माझ्या परीक्षा शुल्काची मुदत टळली होती आणि विलंब शुल्क भरावे लागले. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.

आपल्या भागाला तो नवा नाही. १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची फेरमोजणी सुरू केली. मुंबई इलाख्यात पुढे रूढ झालेली पद्धत येथेच आकाराला आली. शेताची ओळख म्हणजे सर्व्हे नंबर. एकत्रीकरणानंतर गट नंबर. पण गट नंबर १२ भिगवणला असू शकतो, तसा पणदऱ्यालाही. म्हणून सातबाऱ्यावर गाव, तालुका, जिल्हा लिहावाच लागतो. नंबर गावापुरता, गावाचे नाव जोडले की तो एकमेव होतो.

संगणकाच्या डेटाबेसमध्येही हाच पेच आहे. यंत्र एकच असेल तर १, २, ३ असे चढते क्रमांक पुरतात. दोन असतील तर एकाने विषम, दुसऱ्याने सम अंक द्यावेत. तिसरे आले की मांडणी मोडते. सर्वांनी एकाच मुख्य यंत्राकडून क्रमांक मागावा, तर ते बंद पडताच सगळे खोळंबतात. (आमच्याकडे वीज केव्हा जाते, हे बारामतीकरांना सांगायला नको!)

म्हणून कुणालाही न विचारता क्रमांक तयार करण्याची युक्ती निघाली. त्याला यूयूआयडी म्हणतात. तो १२८ बिटांचा असतो. पहिल्या प्रकारात घड्याळाची वेळ आणि त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक जोडतात. म्हणजे पुन्हा गावाचे नावच. चौथ्या प्रकारात मात्र ६ बिट खुणेसाठी राखून उरलेले १२२ जणू नाणेफेकीने ठरवतात.

हे वाचले तेव्हा मला तो निव्वळ जुगार वाटला. वर्गात २३ जण असले, तरी कुणा दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. पण तिथे जागा ३६५. इथे त्या ५ वर ३६ शून्ये इतक्या आहेत! अट एवढीच, की नाणे खोटे नसावे. यादृच्छिक अंक देणारी व्यवस्था कच्ची असेल तर तेच क्रमांक पुन्हा येतात. शिवाय असे क्रमांक विस्कळीत असल्याने मोठ्या डेटाबेसची सूची सांभाळणे जड जाते. त्यावर २०२४ च्या प्रमाणात सातवा प्रकार आला: आधी मिलिसेकंदांतली वेळ, मग यादृच्छिक अंक.

आमच्या केंद्राने इतके काही केले नाही. वाडीच्या सभासदांच्या क्रमांकाआधी आता ‘वा’ हे अक्षर लागते. आई मात्र काट्यापाशी अजून नुसते सत्तेचाळीसच सांगते.