इंटरनेटवरची माहिती : जपून ठेवा, वाटून घ्या

व्यापारी व कारागीर बंधूंनो, दुकानात माल भरपूर असला, पण कोणता तागा कोणत्या फळीवर आहे हे माहीत नसले, तर गिऱ्हाईक हात हलवीत परत जाते. मोबाइलवरील माहितीचेही तसेच आहे. कराचा दर, सरकारी योजना, नवे डिझाइन हे सारे आपण वाचतो, एकमेकांना पाठवतो. आणि गरज पडते तेव्हा ते शेकडो निरोपांखाली गाडले गेलेले असते.

यात नुकसान किती होते, ते कापडाच्याच उदाहरणाने पाहू. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारी अधिसूचना निघाली की, १ जानेवारी २०२२ पासून कापड व तयार कपड्यांवर सरसकट १२ टक्के जीएसटी लागेल. पण ३१ डिसेंबर २०२१ रोजी जीएसटी परिषदेने ही वाढ स्थगित केली. ज्याने फक्त पहिली बातमी जपली, त्याच्याजवळ चुकीचा दर राहिला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून दर खरोखरच बदलले. त्याआधी १,००० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ आणि त्यावरील कपड्यावर १२ टक्के कर होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ आणि त्यापुढे १८ टक्के आहे. म्हणजे १,८०० रुपयांच्या कुर्त्यावर पूर्वी २१६ रुपये कर होता, तो ९० झाला. ३,००० रुपयांच्या शेरवानीवर ३६० चा ५४० झाला. वसईत होळी येथे छोटे दुकान चालवणाऱ्यालाही हा फरक परवडणारा नाही.

यावर उपाय म्हणजे सोशल बुकमार्किंग. बुकमार्क म्हणजे पुस्तकात ठेवतो ती खूण. इंटरनेटवरील पानाचा पत्ता आपल्या खात्यात साठवायचा, त्याला एक-दोन शब्दांची चिठ्ठी, म्हणजे टॅग, लावायची आणि तो संग्रह आपल्या माणसांसाठी खुला करायचा. ही पद्धत २००३ साली सुरू झालेल्या ‘डिलिशस’ने लोकप्रिय केली. आज ‘रेनड्रॉप’, ‘डिगो’, ‘पिनबोर्ड’ अशी साधने आहेत. पहिल्या दोहोंत विनामूल्य खाते उघडता येते, पिनबोर्डला पैसे पडतात.

काम सुरू करताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) टॅगचे शब्द आधी ठरवा. आपल्यात कोणी मराठीत लिहितो, कोणी उर्दूत, कोणी हिंदी किंवा गुजरातीत. एकाने ‘कापड’, दुसऱ्याने ‘कपडा’ लिहिले तर एकच माल दोन गोदामांत जातो. जीएसटी, सूत, योजना, डिझाइन असे दहा-बारा शब्द सर्वांनी मिळून ठरवावेत.

२) प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी लिहा : माहिती कोणी दिली, ती कोणत्या तारखेपासून लागू आहे आणि आपण ती शेवटची केव्हा तपासली. बातमीपेक्षा मूळ अधिसूचना जपणे केव्हाही चांगले.

३) जुनी नोंद पुसू नका, तिला ‘जुना दर’ हा टॅग लावा. मागच्या बिलांची तपासणी निघाली तर त्या काळचाच दर दाखवावा लागतो.

४) कामे वाटून घ्या. दहा जणांच्या गटात एकाने कराकडे, एकाने सुताच्या भावाकडे, एकाने योजनांकडे लक्ष ठेवावे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामासह १८ व्यवसाय आहेत. अशा योजनेच्या अटी एकाने नीट वाचून जपल्या, तर बाकीच्या नऊ कारागिरांचे हेलपाटे वाचतात.

५) संग्रह कोणाला दिसतो ते तपासा. काही साधनांत नोंद आपोआप सर्वांना खुली होते. गिऱ्हाइकांची नावे, उधारी, खरेदीचा भाव, बँकेचे कागद यांना तेथे जागा नाही.

आणखी एक सावधगिरी. आपण साठवतो तो पत्ता. पान दुसऱ्याचे असते आणि साधनही दुसऱ्याचे. डिलिशस २०१७ मध्ये नव्या नोंदींसाठी बंद झाले. ‘मॅग्नोलिया’ या साधनातील नोंदी जानेवारी २००९ मध्ये बिघाडामुळे नष्ट झाल्या. गूगल बुकमार्क्स २०२१ मध्ये, तर पॉकेट जुलै २०२५ मध्ये बंद झाले. म्हणून महत्त्वाच्या कागदाची पीडीएफ प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि महिन्यातून एकदा संपूर्ण संग्रह फाइल म्हणून उतरवून घ्यावा. ही सोय बहुतेक साधनांत असते.

सुरुवात मोठी नको. चार विश्वासू दुकानदार, एक कर सल्लागार आणि या आठवड्यातील पाच नोंदी एवढे भांडवल पुरे. रोजमेळ रोज लिहिला तरच वर्षाचा हिशोब जुळतो. माहितीच्या वहीलाही तोच नियम लागू आहे.