जुन्या पिकअप गाडीचा रडका आवाज व त्याची परीक्षा

लासलगांवीं कांदा अगर नारायणगांवीं टोमॅटो स्वतःच्या गाडींतून नेऊं इच्छिणारा शेतकरी पुष्कळदां नवी पिकअप न घेतां वापरलेली घेतो. अशा गाडींत एक खोड वारंवार आढळते. गाडी वेगानें चालूं लागली म्हणजे खालून बारीक, एकसुरी व रडका आवाज येऊं लागतो. विकणारा म्हणतो, "जुनी गाडी आहे, चालायचेंच." मिस्त्री म्हणतो, "सगळें खोलून पाहावें लागेल." हीं दोन्ही उत्तरें शेतकऱ्याच्या नुकसानीचीं आहेत. पहिल्यानें एका बेअरिंगवर भागणारें काम सबंध डिफरन्शियलपर्यंत जातें; दुसऱ्यानें धड असलेले भाग खोलले जातात आणि खरा दोष कदाचित् तसाच राहतो. यासाठीं हत्यार हातीं घेण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: आवाज कशाच्या मागें जातो? इंजिनाच्या फेऱ्यांच्या, चाकांच्या वेगाच्या, कीं ओढीच्या? याचें उत्तर मिळालें म्हणजे दोषाचें ठिकाण बहुतेक सांपडलें.

शक्तीचा मार्ग.— बोलेरो पिकअप, टाटा २०७ इत्यादि मागील चाकांनीं चालणाऱ्या गाड्यांत इंजिनाची शक्ति क्रमानें क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल व एक्सल यांतून चाकांस पोंचते. डिफरन्शियलमध्यें लहान पिनियन मोठ्या क्राऊन चाकास फिरवितो. उदाहरणार्थ, पिनियनास १० व क्राऊनास ४१ दांते असल्यास चाकाच्या एका फेरींत पिनियनाच्या ४ हून किंचित् अधिक फेऱ्या होतात. चाकाचा घेर २.१ मीटर धरला, तर ताशीं ४० किलोमीटर वेगास चाक मिनिटास सुमारें ३२० फेऱ्या घेतें, पिनियन सुमारें १३०० घेतो, व त्याचे दांते सेकंदास दोनशेंहून अधिक वेळां क्राऊनास भिडतात. म्हणून दांत्यांच्या दोषाचा आवाज बारीक व सुरासारखा असतो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज जात्याच्या घरघरीसारखा जाडसर असतो.

पहिली परीक्षा, गाडी उभी असतां.— हातब्रेक लावून व गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून इंजिन चालू करावें. आवाज येथेंच ऐकूं आला व इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढला, तर त्या आवाजापुरता डिफरन्शियलचा संशय सोडावा; उभ्या गाडींत तें फिरतच नाहीं. नंतर क्लच पूर्ण दाबावा. दाबतांच आवाज थांबला, तर गिअरबॉक्सच्या आंतील बेअरिंगांकडे पाहावें. उलट, दाबल्यावरच सुरू झाला, तर क्लचचें रिलीज बेअरिंग झिजलें असावें. दोन्ही स्थितींत सारखाच राहिला, तर अल्टरनेटर, पाण्याचा पंप व पट्टा हे तपासावे.

दुसरी परीक्षा, गिअर बदलून.— मोकळ्या व सपाट डांबरी रस्त्यावर, शेजारीं ऐकणारा एक मनुष्य बसवून, ताशीं ४० किलोमीटर वेग आधीं तिसऱ्या व मग चौथ्या गिअरांत ठेवावा. सूर दोन्ही वेळां तोच राहिला, तर दोष गिअरबॉक्सच्या मागील टोंकापासून चाकांपर्यंत कोठें तरी आहे. सूर बदलला, तर तो इंजिनाकडे किंवा गिअरबॉक्समध्यें आहे. अशा पुष्कळ गाड्यांत चौथ्या गिअरांत शक्ति गिअरबॉक्समधून सरळ पार होते. दुसऱ्या-तिसऱ्यांत रडणारी गाडी चौथ्यांत गप्प झाली, तर गिअरबॉक्सच धरावा.

तिसरी परीक्षा, ओढीची.— दोष मागील बाजूस ठरल्यावर, गाडी गिअरांतच ठेवून तीन गोष्टी कराव्या: अॅक्सिलरेटर दाबून वेग वाढवावा, कांहीं अंतर वेग स्थिर ठेवावा, व मग पाय काढून घ्यावा. ओढतांना आवाज येतो व पाय काढतांच जातो, असें झाल्यास क्राऊन-पिनियनाच्या दांत्यांची पुढील बाजू झिजली आहे किंवा त्यांची बसण बिघडली आहे असें समजावें. पाय काढल्यावरच रडणें वाढलें, तर पिनियनाचें बेअरिंग ढिलें पडलें असण्याचा संभव मोठा. तिन्ही स्थितींत आवाज सारखाच राहिला, तर तो बेअरिंगचा किंवा टायरचा असावा. डांबरी सोडून दुसऱ्या प्रकारच्या रस्त्यावर जातांच आवाज पालटला, तर तो टायरचा. डावीकडे वळतांना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळीं घरघर वाढली, तर उजव्या बाजूचें बेअरिंग पाहावें, व उलट वळणावर वाढल्यास डाव्या बाजूचें. गाडी निघतांना "कट" असा आवाज किंवा वेगांत थरथर असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासावे.

तेलाची परीक्षा.— ही गाडी सपाट जागीं उभी करून, चाकांस उटी लावून व इंजिन बंद करून करावी. प्रथम तेल भरण्याचा वरचा बूच ढिला होतो कीं नाहीं तें पाहावें, मगच खालचा काढावा. नाहींतर तेल सांडून गेल्यावर भरण्यास वाट राहत नाहीं. बहुतेक गाड्यांत तेल भरण्याच्या भोंकाच्या कांठापर्यंत असलें पाहिजे. बुचाच्या लोहचुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणें हें साधारण झिजेचें लक्षण होय. टोंचणारे तुकडे सांपडले, तर गाडी चालविणें बंद करावें. तेल दुधासारखें दिसलें, तर आंत पाणी गेलें आहे. तापलेली गाडी ओढ्यांत उतरली म्हणजे डिफरन्शियल एकदम थंड होतें, आंतील हवा आकसते, आणि ब्रीदर नांवाच्या नळींतून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी ओढलें जातें. पावसाळ्यांत नदी-ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांचें हें तेल पावसाळा संपतांच पाहून घ्यावें. क्राऊन-पिनियनाचे दांते एकमेकांवर घसरत भिडतात; म्हणून गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें, बहुधा जीएल-५ प्रतीचें, तेलच घालावें. इंजिनाचें उरलेलें तेल ओतणें म्हणजे दांत्यांचा नाश करणें होय. गिअरबॉक्सचें तेल निराळें असूं शकतें; कांहीं जीएल-५ तेलांतील द्रव्यें तेथील पितळी कड्यांस बाधतात.

दुरुस्ती.— क्राऊन व पिनियन हीं जोडीनेंच घासून तयार केलेलीं असतात. एक बदलून दुसरें ठेवूं नये. पिनियनाचा नट अंदाजानें आवळून आवाज घालविण्याचा प्रयत्न करूं देऊं नये, कारण फाजील आवळल्यानें नवें बेअरिंगही तापून जातें. दांत्यांमधील फट डायल गेजनें मोजणारा व दांत्यांस रंग लावून त्यांची बसण पाहणारा मिस्त्रीच या कामास योग्य. केवळ बारीक सूर आहे, तेल पुरेसें व स्वच्छ आहे, आणि आवाज महिनोगणती वाढला नाहीं, अशी गाडी लक्ष ठेवून वापरतां येते. पण घरघर दिवसेंदिवस वाढत असेल, एखादा हब दुसऱ्याहून फार तापत असेल, किंवा पिनियनाजवळचा शाफ्ट हातानें वरखालीं हलत असेल, तर माणसें अगर माल भरून घाटांत जाऊं नये. पिनियन अडकल्यास मागील चाकें चालत्या गाडींत एकाएकीं बांधलीं जातात.

विकत घेणारानें इतकें अधिक करावें. दाट तेल घालून आवाज दाबण्याची युक्ति बाजारांत चालते. यासाठीं गाडी निदान १५-२० किलोमीटर चालवून, तेल तापल्यावर वरील परीक्षा घ्याव्या. आवाज कोणत्या वेगास येतो, कोणत्या गिअरांत येतो, ओढतांना कीं पाय काढल्यावर, व कोणत्या वळणावर वाढतो, या चार गोष्टी कागदावर लिहाव्या. तो कागद दाखवून सौदा करावा, आणि तोच मिस्त्रीच्या हातीं द्यावा. म्हणजे काय खोलावयाचें व काय खोलावयाचें नाहीं, हें कारखान्यांत जाण्यापूर्वींच ठरलेलें असेल.