पाठवा, पण तयार करून

आईबाबांनो,

तुमच्या मुलीच्या किंवा मुलाच्या फोनमध्ये एक यादी आहे. हंपी, लेह, कळसूबाईवरचा सूर्योदय, तारकर्लीला समुद्राखाली उतरणं, हिमालयातला एखादा बर्फातला ट्रेक. कॉलेज संपवून नोकरीला लागलेल्या पोरांच्या याद्या साधारण अशाच असतात. अलीकडे त्या यादीच्या डोक्यावर "एकटीनं" किंवा "एकट्यानं" हेही लिहिलेलं असतं, आणि ते ऐकलं की आपल्या पोटात गोळा येतो. मलाही मुलगी आहे. तो गोळा मला ठाऊक आहे, म्हणूनच आज तुमच्याशी मोकळेपणानं बोलायला बसले आहे.

आपली पहिली उत्तरं ठरलेली असतात. मैत्रिणींबरोबर जा. आपण सगळेच जाऊ की मे महिन्यात. लग्न झालं की दोघं मिळून फिरा. या प्रत्येक उत्तरात माया आहे, हे मी मनापासून मानते. पण बाविसाव्या वर्षी जिला परगावी एक रात्र एकटीनं राहू दिलं नाही, तिलाच पंचविसाव्या वर्षी आपण परदेशात शिकायला किंवा बंगळूरला नोकरीला पाठवतो. तिथे ती एकटीच असते, आणि सराव काहीच नसतो. शिवाय आपल्याच ओळखीतलं कुणी निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमेला निघालं, अनोळखी गावात, अनोळखी माणसाच्या ओसरीवर झोपलं, मिळेल ते खाल्लं, तर आपण त्याला वाकून नमस्कार करतो. अनोळखी माणसांवर विश्वास ठेवणं ही आपल्यालाही पूज्य वाटणारी गोष्ट आहे. आपल्या लेकराच्या बाबतीत मात्र ती आठवत नाही.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मुलीला रस्त्यावर काय सोसावं लागतं ते प्रत्येक आईनं स्वतः सोसलेलं आहे. मात्र त्या एका भीतीच्या आड इतर धोके दिसेनासे होतात. पावसाळ्यात धबधब्याच्या डोहात उतरणं, खवळलेल्या समुद्रात पोहणं, सवय नसताना भाड्याची दुचाकी घेऊन घाट चढणं, फोटोसाठी कड्याच्या टोकाशी जाणं. या मोसमात कुठलंही वर्तमानपत्र उघडा, बातम्या याच असतात, आणि त्यातली बरीच मुलं एकटी नसतात. चांगली सात-आठ जणांच्या घोळक्यात असतात. घोळक्यात "चल रे, काही होत नाही" म्हणणारा एक तरी असतोच. एकटं माणूस उलट जपून पाऊल टाकतं.

मग पहिला प्रवास कसा असावा? माझं मत स्पष्ट आहे. जवळचा, दिवसाउजेडी पोचवणारा, भाषा आपली असलेला आणि एक किंवा दोन रात्रींचा. मुंबईकरांना मी रत्नागिरी सुचवते. पहाटे मुंबईहून सुटणारी जनशताब्दी दुपारच्या आत तिथे पोचवते. बसायची गाडी, आजूबाजूला कुटुंबं, रात्रीच्या प्रवासाची काळजी नाही. स्टेशन शहराबाहेर कुवारबावला आहे, त्यामुळे तिथून शहरात कसं जायचं याची चौकशी आधीच करावी लागते, आणि हाच पहिला धडा. शहरात टिळकांचं जन्मस्थान आहे, ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी नजरकैदेत ठेवलं त्याचा १९१० साली बांधलेला राजवाडा आहे, रत्नदुर्ग आहे. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या समुद्राकाठच्या रस्त्यानं गणपतीपुळे, साधारण २५ किलोमीटर. तिथून अगदी जवळ मालगुंड, केशवसुतांचं गाव. एवढ्यात दोन दिवस कसे जातात कळत नाही. गणपतीपुळ्याच्या समुद्राबद्दल मात्र घरातूनच बजावून सांगा: तिथल्या पाण्याला ओढ आहे, माणसं बुडालेली आहेत, पाय भिजवून मागे फिरायचं. विदर्भात असाल तर नागपूरहून सेवाग्राम करता येईल, मराठवाड्यात वेरूळ. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात हे तिचं तिला शोधू द्या.

हे शोधू देणं फार महत्त्वाचं आहे. तिकीट तिनं काढावं, खोली तिनं ठरवावी, खर्चाचा अंदाज तिनं मांडावा. आपण सगळं करून दिलं आणि ती फक्त जाऊन आली, तर ती सहल झाली. आपण शेजारी बसून प्रश्न विचारावेत. गाडी तीन तास उशिरा पोचली तर? फोनची बॅटरी संपली तर कुणाचा नंबर पाठ आहे? पैसे सगळे फोनमध्येच आहेत की थोडी रोकड वेगवेगळ्या खिशांत आहे? आधार कार्ड मूळ आहे ना? पाळी आली, पोट बिघडलं, तर बॅगेत काय आहे? रेल्वेत कुणी त्रास दिला तर १३९, आणि कुठेही अडचण आली तर ११२, हे दोन नंबर तिच्या तोंडी असायला हवेत.

खोलीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्याकडे काही लॉजवाले एकट्या माणसाला खोली देत नाहीत. मुलीला तर नाहीच, पण एकट्या मुलालाही नाही. ऑनलाइन बुकिंग झालेलं असलं तरी काउंटरवर नकार मिळू शकतो. म्हणून आधी फोन करून स्वच्छ विचारायचं: "मी एकटीच येणार आहे, चालेल ना?" कोकणात "राहण्याची व जेवणाची घरगुती सोय" अशा पाट्या जागोजागी दिसतात. घरातच राहणाऱ्या काकूंच्या देखरेखीखालची ती खोली पहिल्या मुक्कामाला मला सगळ्यांत बरी वाटते. पर्यटन महामंडळाचं निवासही चालेल.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीला असाच नकार मिळाला होता. संध्याकाळची वेळ, परकं गाव. ती एसटी स्टँडवर जाऊन बसली. घरी फोन केला नाही. का, असं मी तिला नंतर विचारलं तर म्हणाली, "आई काय बोलणार ते मला माहीत होतं." शेवटी स्टँडवरच्या चहावाल्या मावशींनी तिला आपल्या नात्यातल्या घरी राहायला नेलं. सगळं नीट झालं. पण तिचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. अडचणीच्या क्षणी तिला लॉजवाल्यापेक्षा आईची जास्त धास्ती वाटली. आपण तिला तिखट पूड देतो, शिट्टी देतो, लोकेशन चालू ठेवायला सांगतो. त्या सगळ्याहून मोठं संरक्षण म्हणजे काहीही घडलं, चूक तिचीच असली, तरी घरी फोन लावता येईल आणि पलीकडून "तरी मी सांगत होते" असं ऐकू येणार नाही, ही खात्री. ही खात्री निघताना दारात देता येत नाही. आज ती परीक्षेत नापास झाली, गाडीला पोचा पाडून आली, पैसे हरवून आली, तेव्हा आपण काय बोलतो त्यातून ही खात्री तयार होत असते. म्हणून प्रवासाची तयारी करायची तर ती आपल्या जिभेपासून करूया.

फोनचंही ठरवून घ्या. सकाळी निघताना एक निरोप, मुक्कामी पोचल्यावर एक, रात्री एक फोन. बस. दर तासाला "कुठे आहेस" विचारलं तर ती तिथे असूनही घरातच राहते. कोकण रेल्वेवर तर फोन लागतोच असं नाही. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा आहे, जवळजवळ साडेसहा किलोमीटर लांब, आणि त्याच्या आधीही बोगद्यांची रांग आहे. "आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती" ऐकलं की मनात काय काय येतं ते मला माहीत आहे. त्या वेळी बोगदा आठवा. पावसाळ्यात त्या मार्गाचं वेळापत्रकही वेगळं असतं, गाड्या सावकाश चालवतात. ही माहिती तिच्याबरोबर आपल्यालाही हवी.

मुलांच्या आईबाबांना थोडं वेगळं सांगायचंय. मुलाला आपण चटकन हो म्हणतो, आणि तिथेच आपलं काम संपलं असं समजतो. त्याला कुणी शिकवत नाही की भीती वाटली तर बोलायचं असतं, की नको त्या संगतीतून उठून यायला हिंमत लागते, की दारू प्यायलेल्या मित्राच्या मागे बसायचं नाही. एकट्या मुलाशी कुणी घाणेरडं वागलं तर तो घरी सांगेल का? बहुतेक नाहीच सांगणार, कारण "मुलगा आहेस ना" हे त्यानं लहानपणापासून ऐकलंय. मुलीसाठी आपण जेवढं बोलतो तेवढंच त्याच्याशीही बोलायला हवं.

आता यादीतल्या मोठ्या गोष्टी. एकट्यानं प्रवास करणं आणि एकट्यानं डोंगरात शिरणं यांत फार अंतर आहे, आणि तिथे मी परवानगी देणार नाही. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वाट मळलेली आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, तरी पहिल्या वेळी जाणत्या संस्थेबरोबरच जावं. पाय मुरगळला, धुकं उतरलं, तर सोबत माणूस हवं. लेहला विमानानं जाणाऱ्याला समजावून सांगा की ते शहरच साधारण ३५०० मीटरवर आहे. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, आणि डोकेदुखी किंवा मळमळ वाढत गेली तर हट्ट सोडून खाली उतरायचं. स्कूबाला जाताना दमा, कानाचं दुखणं, सर्दी काही लपवायचं नाही, आणि पाण्यातून वर आल्यावर १८ ते २४ तास विमानात बसायचं नाही. हिमालयाची ओढ खरीच असेल तर शिकून जाता येतं. युथ हॉस्टेल्सचे ट्रेक नवख्यांसाठी चांगले असतात. पुढे उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, १९६५ पासूनची. तिथला प्राथमिक अभ्यासक्रम २८ दिवसांचा असतो, आणि त्यातून मूल अंगानं आणि मनानं दोन्हीकडून कणखर होऊन येतं.

ती परत आली की लगेच फोटो मागू नका, खर्चाचा हिशेबही नको. जेवायला वाढा आणि बसा समोर. पहिल्यांदा ती देवळाबद्दल, समुद्राबद्दल सांगेल. एकटीनं हॉटेलात जेवताना सगळे बघतायत असं वाटलं, रात्री कडी दोनदा तपासली, हे नंतर येईल. ते येईपर्यंत थांबा. तिला कंटाळा आला, एकटीनं फिरणं आवडलंच नाही, असं निघालं तरी हरकत नाही. तेही तिला स्वतःला कळलेलं असेल.

यादी एका दिवसात पुरी व्हायची नाही, व्हायलाही नको. सध्या तिच्यातली सगळ्यांत सोपी जागा निवडा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि कोकणच्या गाड्या भराभर भरतात. तेव्हा आज रात्री जेवणं झाली की कॅलेंडर घेऊन बसा, परीक्षा, रजा, सणवार बघून तारीख ठरवा, आणि तिकिटाचा फॉर्म तिला भरू द्या.