‘मजबूत’ म्हणजे नेमके काय?



सुरतेत राहून नवापूरकडची शेती सांभाळणारे एक गृहस्थ मागे हात बांधून आमच्याकडे आले. कडबाकुट्टीच्या चाकाचा बिडाचा आरा तुटला होता. “मजबूत जोड मारा,” एवढेच त्यांनी कारागिराला सांगितले. आठव्या दिवशी जोडाशेजारी आरा पुन्हा तुटला, पाते उडाले आणि दोन बोटे गेली.

‘मजबूत’ या एका शब्दात अनेक गुण दडलेले असतात. ते वेगळे ओळखायला आपण शिकू या.

१. कठीण : ज्यावर सहज ओरखडा उठत नाही, जे लवकर झिजत नाही ते कठीण. कानस घासून पाहा. ती नुसती घसरली तर पोलाद कठीण, खरवडले गेले तर मऊ. विळ्याची धार कठीण हवी.

२. ठिसूळ आणि चिवट : घाव बसताच न वाकता तुटते ते ठिसूळ, उदाहरणार्थ काच, कौल, बीड. घाव सोसते, वाकते, पण तुटत नाही ते चिवट. जसा बाभळीचा दांडा. कठीण वस्तू चिवट असतेच असे नाही. म्हणून लोहार कोयत्याला पाणी दिल्यावर तो पुन्हा हलक्या आचेवर तापवतो. कठीणपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो.

३. लवचिक : वाकवून सोडताच पूर्ववत होते ते लवचिक, जसा बांबू किंवा ट्रकचा पाटा.

४. तन्य आणि वर्धनीय : ओढून तार निघते तो धातू तन्य, ठोकून पत्रा होतो तो वर्धनीय. सुरतेची जर पाहा. चांदीची कांब लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून केसासारखी तार काढतात, ती चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळतात. आता तांब्याची तारही पुष्कळ वापरतात.

५. दाब आणि ताण : दगड व बीड दाब उत्तम सोसतात, ताण मात्र फारसा सोसत नाहीत. आपल्या तापीवर होप पूल 1877 साली झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 28 डिसेंबर 1879 च्या रात्री, स्कॉटलंडमधील टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात गाडीसह कोसळला. गाडीतले कोणीही वाचले नाही. पुलाच्या खांबांना तिरप्या पट्ट्या बिडाच्या कानांनी जोडल्या होत्या. वाऱ्याच्या जोराने ताण आला आणि ते कान तुटले.

आता आपल्या गृहस्थांनी काय सांगायला हवे होते? “हा आरा बिडाचा आहे, वर पाते फिरते, ताण आणि हादरे बसतात.” जाणता कारागीर म्हणाला असता, “जोड नको, चाक बदला.” कारण साध्या सळईने वेल्डिंग केले की जोडाशेजारचे बीड अधिकच ठिसूळ होते.

आरोग्यासाठी एक सूचना. हातोड्यावर हातोडा कधीही मारू नका. दोन्ही तोंडे कठीण असल्याने कपची उडून डोळ्यात शिरते. तसे झाल्यास डोळा चोळू नका, कपची स्वतः काढू नका. डोळ्यावर दाब न देता तो झाकून लगेच दवाखाना गाठा.

घरचा अभ्यास : घरातील पाच अवजारे घ्या. प्रत्येकाला वरीलपैकी कोणता गुण हवा, ते मुलांकडून वहीत लिहून घ्या. पुढच्या वेळी दुकानात नुसते ‘मजबूत’ मागू नका. काम काय आहे ते सांगा आणि गुणाचे नाव घेऊन वस्तू मागा.