खर्च कोणाचा आणि हक्क कोणाचा?

आमच्या खेड्यापाड्यांतील उपदेशकांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो, म्हणून या आठवड्याच्या पाठात त्याचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. प्रश्न असा की, लग्न ठरण्यापूर्वी मुलगा व मुलगी एकमेकांस भेटू लागली, तर त्या भेटीगाठींचा खर्च कोणी करावा? वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांतील मुलेमुली शिक्षणाकरिता व नोकरीकरिता अकोला, अमरावती, पुणे येथे जातात. तेथे ओळखी होतात. चहा होतो, सिनेमा होतो, वाढदिवसाची भेटवस्तू होते. घरी ही गोष्ट कळली म्हणजे कित्येक वडील मंडळी रागावतात व कित्येक हसण्यावारी नेतात; आणि तरुण मंडळी आपसांत वाद घालीत बसतात की, पैसे मुलानेच द्यावेत की निम्मे-निम्मे करावेत?

आमच्या मते रागावणे व हसणे ही दोन्ही उतावीळपणाची आहेत. प्रश्न जुनाच आहे. अंगावरचा कपडा मात्र नवा आहे.

आपल्या वऱ्हाडात पूर्वी शेतकरी, मजूर व कारागीर अशा कित्येक जातींत वराकडील लोक वधूच्या बापास देज देत असत. पोहरादेवीस ज्यांची मोठी यात्रा भरते त्या बंजारा समाजातही बैल व रुपये देऊन सून आणण्याची चाल होती. मुलगी घरातून गेली म्हणजे निंदणाचे व कापूस वेचण्याचे दोन हात गेले, त्यांची ही भरपाई, असा त्यामागचा हिशेब असे. वरवर पाहता यात स्त्रीच्या श्रमाचा मान दिसतो. परंतु पैसा जाई बापाच्या हाती, आणि ज्याने पैसा मोजला त्यास वाटे की बायको आपण मोल देऊन आणिली आहे. पुढे काडीमोड होऊन तिने दुसरा पाट लावला, तर नव्या नवऱ्याने जुन्यास लग्नाचा खर्च भरून द्यावा, असा निवाडा कित्येक जातींचे पंच करीत. बैल विकला तर दावणीचा हिशेब होतो, तसाच हा!

ही चाल आपल्याकडेच होती असे मात्र समजू नये. याकोबाने राहेलीकरिता सात वर्षे लाबानाची मेंढरे राखिली, व फसवणूक झाल्यावर तिच्याचकरिता आणखी सात वर्षे चाकरी केली, ही कथा आमच्या वाचकांस पाठ आहे. तिच्यावर उपदेश करताना आपण याकोबाच्या प्रेमाची थोरवी सांगतो, व ती सांगावीच. परंतु उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायात लेआ व राहेल या बहिणी बापाविषयी जे गाऱ्हाणे करितात, त्यावर उपदेश झालेला आम्ही क्वचितच ऐकिला आहे. त्यांचे म्हणणे असे की, बापाने आपल्या दोघींचा सौदा केला आणि आलेले मोल स्वतःच गिळून बसला. चौदा वर्षांचे श्रम याकोबाचे, लाभ लाबानाचा, आणि ज्यांच्या नावाने हा सर्व व्यवहार झाला त्या दोघींच्या पदरात काहीच नाही.

मग शाळा निघाल्या, कचेऱ्या निघाल्या, पगारदार नवरदेव मिळणे कठीण झाले, आणि पैसा उलट दिशेने वाहू लागला. उच्च म्हणविणाऱ्या जातींतील हुंडा हळूहळू इतरांनीही उचलला. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात भटजीवाचून व अल्प खर्चात पहिले लग्न लाविले होते. तो धडा फार थोड्यांनी गिरविला.

येथे वाचकांनी जरा थांबावे. देज जेव्हा मुलाकडचे देत, तेव्हा हक्क मुलाकडच्यांचा झाला. हे समजण्यासारखे आहे. ज्याचा पैसा त्याची सत्ता. मग हुंडा मुलीकडचे देऊ लागल्यावर हक्क मुलीकडे यावयास नको होता काय? तसे झाले नाही. पैशाने दिशा बदलली, पण हक्क जागचा हलला नाही. यावरून उघड होते की, पुरुषाचा हक्क पैशातून उत्पन्न झालेलाच नव्हता. तो आधीपासून बसलेला होता. पैसा ही केवळ त्याची सबब.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या रखमाबाईंचे आहे. त्यांचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लाविण्यात आले, आणि ठरले असे होते की, जावयाने सासुरवाडीस घरजावई म्हणून राहावे, त्याचा सांभाळ तेथेच व्हावा व त्याने शिकून शहाणे व्हावे. म्हणजे खर्च मुलीच्या घरचा. दादाजीने विद्या काही केली नाही व तो ते घर सोडून गेला. रखमाबाई मात्र आपले सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या आश्रयाने शिकत राहिल्या व त्यांनी नांदावयास जाण्याचे नाकारिले. १८८४ साली दादाजीने मुंबईच्या हायकोर्टात फिर्याद लाविली. १८८५ त न्यायमूर्ती पिन्हे यांनी ती फेटाळिली, अपील झाले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, बाईने नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाई तुरुंगास तयार झाल्या. शेवटी १८८८ साली तडजोड झाली, ती दोन हजार रुपयांवर.

हे दोन हजार कोणी कोणास दिले? नवऱ्याने बायकोस नव्हे; बायकोच्या बाजूने नवऱ्यास देण्यात आले! ज्या घराने जावयास पोसावयाचे कबूल केले होते, त्याच घराच्या मुलीला आपली सुटका विकत घ्यावी लागली. पुढे त्या इंग्लंडात जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी कित्येक वर्षे स्त्रियांची सेवा केली, हे सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही.

आता हीच कसोटी आजच्या चहाच्या टेबलास लावून पाहू. समजा की, मालेगाव तालुक्यातील एक मुलगा पुण्यास शिकतो व रिसोडकडील एक मुलगी तेथेच नर्सचे काम करिते. दोघे भेटतात, आणि प्रत्येक वेळी मुलगा खिशात हात घालितो. तिने पर्स उघडली तर त्यास अपमान वाटतो. मित्र हसतील अशी भीती वाटते. त्या खिशात पैसा कोठून आला? घरच्या सोयाबीनच्या पट्टीतून बापाने पाठविलेला. मुलगी तर स्वतःच्या पगाराची धनीण. म्हणजे जो मिळवीत नाही तो उदार ठरतो, आणि जी मिळविते तिने उपकार मानावयाचे. मालेगावकडे कर्जाचा हप्ता भरणारा बाप या जेवणाचे पैसे देत आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

इतके असूनही आम्ही मुलाच्या उदारपणास दोष देत नाही. पाहुण्यास चहा पाजणे ही आपल्याकडील चांगली रीत आहे, आणि प्रत्येक भज्याचा हिशेब वहीत मांडणारा जोडीदार कोणासही नको. दोष येतो तो पुढे. एके दिवशी मुलगी म्हणते, आपले स्वभाव जुळत नाहीत, येथेच थांबू. तेव्हा तो म्हणतो, ‘मी तुझ्यावर एवढा खर्च केला!’ हे वाक्य ज्याच्या तोंडून निघाले त्याने देजच दिले होते, चहा पाजलाच नव्हता. काही मुले याहून पुढे जातात व खर्चाच्या मोबदल्यात एकांताची, शरीराची मागणी करितात. आमच्या भगिनींनी हे निश्चित जाणावे की, कोणत्याही भेटवस्तूने, जेवणाने वा दागिन्याने असे ऋण अंगावर येत नाही, आणि ‘नाही’ म्हणण्याकरिता आधी पैसे परत करावे लागत नाहीत.

आणि पैसे मुलीने दिले असते तर? मुलगा तिचा ताबेदार झाला असता काय? प्रत्येक तरुणाने स्वतःस हा प्रश्न विचारावा. तिने दिलेल्या पैशाने तिला जो हक्क मिळत नाही, तो त्याने दिलेल्या पैशाने त्यासही मिळत नाही.

निम्मे-निम्मे करावे, असे शहरातील पुष्कळजण म्हणतात. ऐकावयास हे न्यायाचे वाटते, व दोघांची मिळकत सारखी असेल तेथे आहेही. पण आपल्या शेतांत काय दिसते? समान कामास समान मजुरी असे कायदा १९७६ पासून सांगत आला आहे. तरी बाईची मजुरी पुरुषाहून कमी धरण्याची रीत गेलेली नाही. जिला दिवसाचे कमी मिळते तिच्याकडून खर्चाचा वाटा मात्र बरोबरीने घेणे ही कसली समता? तेव्हा ज्याच्या हाती जसे असेल तसे त्याने द्यावे, हे मोकळेपणी आधी बोलावे, आणि दिल्यावर विसरून जावे. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून बायांस अर्धे तिकीट झाले. तेव्हा वाशीमहून अकोल्यास जाताना मुलीनेच दोन्ही तिकिटे काढिली तर मुलाचे नाक कापले जाईल असे आम्हांस वाटत नाही.

याहून भारी प्रश्न साक्षगंधापासून पुढे सुरू होतो, आणि येथे आम्हांस स्वतःचीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका बोलणीस आम्ही मध्यस्थ म्हणून बसलो होतो. दोन्ही घरे मंडळीतलीच. हुंडा घ्यावयाचा नाही असे दोघांनीही मोठ्या अभिमानाने सांगितले. मग बस्त्याची गोष्ट निघाली, वऱ्हाडाच्या जेवणाची निघाली, व सर्वांत शेवटी हळूच मोटारसायकलीची निघाली. ‘आम्ही मागत नाही, तुमच्या मुलीलाच बसावयाची आहे,’ असे मुलाचे काका म्हणाले. मुलीचा बाप आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. आम्ही चहाच्या कपाकडे पाहिले. त्या मोटारसायकलीकरिता त्याने जमिनीचा एक तुकडा गहाण टाकिला, हे आम्हांस मागून कळले. पाठ लिहिण्यास बसलो म्हणजे तो कप आमच्या डोळ्यांपुढे येतो.

म्हणून कायदा काय म्हणतो हे उपदेशकांनी नीट समजून घ्यावे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा असून तो सर्व धर्मांच्या लोकांस लागू आहे. हुंडा घेणाऱ्यास व देणाऱ्यासही किमान पाच वर्षे कैद, आणि १५,००० रुपये किंवा हुंड्याची किंमत यांपैकी जे अधिक तेवढा किमान दंड, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. नुसती मागणी करणे हाही गुन्हाच. पीडित मुलीने तक्रारीत जे सांगितले त्यावरून तिच्यावरच खटला भरता येत नाही, अशी तजवीजही त्यात आहे. हुंडा दुसऱ्या कोणाच्या हाती पडला असेल, तर तो तीन महिन्यांच्या आत तिच्या स्वाधीन करावा लागतो.

न मागता दिलेल्या भेटींस मनाई नाही. पण त्या रीतीस व ऐपतीस धरून असाव्यात आणि त्यांची यादी करावी. हा नियम २ ऑक्टोबर १९८५ पासून अमलात आहे, आणि आमच्या दहा वाचकांत एकासही तो ठाऊक असेल की नाही याची आम्हांस शंका वाटते. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, देणाऱ्याचे नाव व नाते काय, हे लिहून वधूवरांनी सह्या कराव्यात. वधूस मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने आपल्याजवळ ठेवावी. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने प्रतिभा राणी यांच्या खटल्यात ठरविले की, स्त्रीधन हे स्त्रीचे स्वतःचे. सासरी ठेविले म्हणून ते सासरचे होत नाही.

आमच्या ख्रिस्ती भगिनींकरिता आणखी दोन कायदे आहेत. १८७४ च्या कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीने आपल्या कामधंद्यातून मिळविलेली कमाई तिची स्वतःची. तेव्हा नर्सबाईचा पगार सासूच्या हाती जावा की नवऱ्याच्या, हा वादच चुकीचा आहे. आणि १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसल्यास, मुलास व मुलीस सारखा वाटा. ‘लग्नात दिले तोच तुझा हिस्सा’ असे सांगून बहिणीकडून सही घेणारे भाऊ आपल्या मंडळ्यांत आहेत. हिंदू घरांत वडिलोपार्जित मिळकतीतील मुलीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली व सबंध देशात २००५ साली मान्य झाला. आपल्याकडे कायदा कितीतरी आधी आला, पण तो पेटीत पडून राहिला.

साक्षगंधापूर्वी उपदेशकाने मुलास व मुलीस निरनिराळे बसवून विचारावे की, तुझी मिळकत किती, अंगावर कर्ज किती, व घरखर्च कोण कसा चालविणार? मग तेच प्रश्न दोघांस समोरासमोर विचारावेत. मुलगी पाहावयास गेले म्हणजे तिला स्वयंपाक येतो का, हे सर्वजण विचारतात. मुलास विचारावे की, बायको ड्यूटीवरून थकून आली तर भाकरी कोण थापील? तो हसला तर हसू द्यावे, पण उत्तर घ्यावे. भेटवस्तूंच्या यादीचा कागद उपदेशकाने आपल्याबरोबर न्यावा, व दोन्ही घरच्या मंडळींसमोर मोठ्याने वाचावा. मध्यस्थ मंडळी नाराज होतील. त्यांस चहा पाजावा, आणि त्याचा खर्च मंडळीच्या फंडातून करावा.